आगगाडीच्या प्रतिकृतीचा रंग : पुरावा आणि विवेक

(फतेगंज येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बडोदे आणि आगगाडी यांचा संबंध जुना आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला गेला. त्यावरील डबे प्रारंभी बैल ओढीत असत. भारतातील अरुंदमापी रेल्वेचा तो आरंभ होय. पुढे जड रूळ आले, वाफेची इंजिने आली आणि डभोई हे अरुंदमापी रेल्वेचे फार मोठे जंक्शन म्हणून नावारूपास आले. सयाजीराव महाराजांनी लोहमार्ग वाढविले तशीच ग्रंथालयेही वाढविली. 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. तेव्हा आगगाडीच्या डब्याचा रंग हा विषय ग्रंथालयाच्या व्यासपीठावर यावा, यात वावगे काही नाही. किंबहुना या विषयाची वाट अखेरीस ग्रंथालयापाशीच येते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

आगगाडीच्या लहान प्रतिकृती करणे हा अनेकांना पोरखेळ वाटतो. पुण्यास कोथरूड भागात कै. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि 1 एप्रिल 1998 रोजी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांचा तो समज राहिला नसेल. प्रतिकृतीचे एक प्रचलित प्रमाण सत्याऐंशीस एक असे आहे. पेरांबूरच्या कारखान्यातील सुमारे 21.3 मीटर लांबीचा डबा या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. लांबी, रुंदी, खिडक्यांची संख्या या गोष्टी आराखड्यावरून मोजून घेता येतात. रंग मात्र असा मोजून घेता येत नाही. तो उडतो, काळवंडतो, खरवडला जातो आणि त्यावर दुसरा चढतो. म्हणून प्रतिकृतिकाराची खरी कसोटी रंगापाशी लागते.

डेक्कन क्वीनचे उदाहरण मराठी माणसास जवळचे आहे. 1 जून 1930 रोजी मुंबई–पुणे मार्गावर ही गाडी सुरू झाली. तिच्या डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडात घडविले गेले, तर वरील भाग जी. आय. पी. रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बांधला गेला. प्रत्येकी सात डब्यांचे दोन संच होते. एका संचाचा रंग रुपेरी असून त्याच्या पट्ट्या शेंदरी झाक असलेल्या लाल रंगाच्या, म्हणजे ‘स्कार्लेट’ होत्या. दुसरा संच ‘रॉयल ब्ल्यू’ निळा असून त्यावर सोनेरी रेषा होत्या. आता समजा, दोन वृद्ध गृहस्थ वाद घालीत आहेत. एक म्हणतो गाडी रुपेरी होती, दुसरा म्हणतो निळी होती. दोघेही खरे बोलत आहेत, कारण त्यांनी पाहिलेले संच निरनिराळे होते. एकाच्या आठवणीवर विसंबून दुसऱ्यास खोटे ठरविणारा प्रतिकृतिकार अर्धाच इतिहास रंगवील. शिवाय 1966 मध्ये ते मूळ संच बदलून पेरांबूरचे पोलादी डबे आले. म्हणजे ‘डेक्कन क्वीनचा रंग कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वर्षीची गाडी आणि कोणता संच, हे आधी ठरले पाहिजे.

कोणी म्हणेल, जुने छायाचित्र पाहिले की वाद मिटेल. वस्तुतः छायाचित्र येथे सर्वांत अधिक फसवते. त्या काळी प्रचारात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे लाल भाग काळा उमटे आणि निळा भाग डोळ्यांस दिसतो त्याहून फिका येई. अशा चित्रावर विसंबणाऱ्यास रुपेरी डब्यावरील लाल पट्टी काळी वाटेल आणि गडद निळा डबा करडा वाटेल. पुढील काळातील रंगीत छायाचित्रेही निर्दोष नव्हेत. त्यांतील रंगद्रव्ये कमी-अधिक वेगाने उडतात आणि पुष्कळदा सगळे चित्र तांबूस दिसू लागते.

प्रत्यक्ष डबा हाती लागला तरी सावधगिरी सुटत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील बडोदे नरेशांचा खास डबा जतन केलेला आहे. परंतु कोणत्याही संग्रहालयातील डब्याचा दर्शनी रंग हा अखेरच्या रंगकामाचा साक्षीदार असतो, पहिल्या रंगकामाचा नव्हे. जाणकार एखाद्या आडबाजूस काचकागदाने हलके घासून एकाखाली एक असलेले थर उघडे करतात. त्यांतही तळाचा गेरूसारखा थर हा बहुधा गंज टाळण्यासाठी दिलेला अस्तराचा हात असतो. त्यास डब्याचा रंग मानणे चूक ठरेल. वर चढविलेले रोगण काळाने पिवळे पडते. त्यामुळे पांढरा रंग सायीसारखा आणि निळा हिरवट भासतो. शिशाचा सफेदा कोळशाच्या धुरातील गंधकाने काळवंडतो. तेव्हा थर पाहून त्याच्या मूळ छटेचे अनुमान करावे लागते.

या सर्व साधनांत लिखित शब्द अधिक टिकाऊ ठरतो, मात्र तो नेमका हवा. मराठीत शेंदरी, कुंकवी, डाळिंबी, किरमिजी, विटकरी अशी किती तरी सुरेख नावे आहेत. पण प्रत्येकाच्या मनातील डाळिंब निराळे असते. यासाठीच कारखाने क्रमांक वापरतात. भारतीय मानक क्रमांक 5 मध्ये 473 म्हणजे ‘गल्फ रेड’ आणि 541 म्हणजे ‘मरून’. अनेक दशके आपल्या प्रवासात सोबत असलेल्या तांबड्या डब्यांना बोलण्यात सरसकट ‘मरून’ म्हटले जाते. परंतु त्यांसाठी रूढ असलेला रंग 473 चा, म्हणजे गल्फ रेड होता. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून एअर ब्रेकच्या डब्यांना निळा रंग मिळू लागला आणि पाहता पाहता तो तांबडा रंग दिसेनासा झाला.

क्रमांक सापडला तरी काम संपत नाही. सत्याऐंशीस एक प्रमाणातील डबा मीटरभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरा डबा 87 मीटरांवरून पाहण्यासारखे आहे. दूरची वस्तू हवेमुळे किंचित फिकी दिसते. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो. म्हणून जाणते कारागीर मूळ रंगात थोडा पांढरा किंवा करडा मिसळतात, आणि ज्या उजेडात प्रतिकृती मांडावयाची त्याच उजेडात छटा पारखतात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. किती फिके करावे, हा मात्र विवेकाचा भाग आहे. पुराव्याने छटा ठरवावी, डोळ्याने तिची मात्रा ठरवावी. डोळ्याने छटाच ठरवू लागल्यास प्रतिकृती केवळ शोभेची वस्तू उरते.

या खटाटोपाचे मोल काय, असा प्रश्न साहजिक आहे. डभोई आता रुंदमापी मार्गावर आहे. त्याच वाटेने पुढे केवडियाचे स्थानक 17 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले. ज्या अरुंदमापी गाड्यांनी पिढ्यानपिढ्या बडोद्याच्या आसपासची माणसे, धान्य आणि कापूस वाहिला, त्या आज जन्मणाऱ्या मुलास येथे धावताना दिसणार नाहीत. काचेआडची प्रतिकृतीच त्याची आठवण बनेल. तिचा रंग अंदाजाने दिला गेला असेल, तर तो अंदाज हाच पुढे पुरावा मानला जाईल आणि चूक दुरुस्त करणारे कोणी उरलेले नसेल.

म्हणून ग्रंथालयाच्या सभासदांस एक विनंती करावीशी वाटते. फतेगंज, प्रतापनगर, डभोई या परिसरात रेल्वेत नोकरी केलेली कुटुंबे अद्याप आहेत. त्यांच्या पेटाऱ्यांत रंगकामाच्या नोंदवह्या, वेळापत्रके, एखादा जुना डबी-फलक असू शकेल. तो रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयात यावा. वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्यांत वर्ष, मार्ग आणि डब्याचा वर्ग अवश्य नमूद करावा. छटेबद्दल शंका असेल तर तीही नोंदवावी, कारण प्रामाणिक शंका ही निःशंक चुकीपेक्षा पुढील अभ्यासकास अधिक उपयोगी पडते. रंग उडून जातात. नीट जपलेली नोंद मात्र शंभर वर्षांनंतरही हाती लागते. या ग्रंथालयाने शतकभर हेच जतनाचे काम केले आहे.