गाण्याचे त्रैमासिक : कोणासाठी आणि कसे?

(मंडळाच्या सांस्कृतिक समितीच्या सभेत केलेले भाषण)



आंबेडकरी गीत-गायनाला वाहिलेले एक नियतकालिक मंडळाने काढावे, असा ठराव मागील सभेत मंजूर झाला आणि त्याची रूपरेषा मांडण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले. मी गायक नाही, कवीही नाही. कला शाखेचा पदवीधर, आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. तेव्हा माझ्या बोलण्यात सुरांपेक्षा हिशेब अधिक आढळेल, तो गोड मानून घ्यावा.

ठराव झाल्यापासून मला पुष्कळ सूचना आल्या. मुखपृष्ठ गुळगुळीत आर्ट पेपरवर असावे, अशी एक सूचना. पहिली आठ पाने मान्यवरांची छायाचित्रे आणि शुभेच्छांसाठी राखावीत, म्हणजे जाहिराती मिळतील, ही दुसरी. प्राध्यापक मंडळींकडून अभ्यासपूर्ण लेख मागवावेत, ही तिसरी. सर्व सूचना आपुलकीने केलेल्या आहेत. परंतु त्याआधी ठरवायची गोष्ट अशी, की हा अंक विकत घेऊन उघडून बसणारा माणूस कोण? तो माणूस एकदा डोळ्यांसमोर आला, की कागद कोणता, अक्षर केवढे, किंमत किती, हे सर्व तोच आपल्याला सांगतो.

वाचक कोण?

संगीताची नियतकालिके आपल्या देशात नवी नाहीत. हाथरसहून 'संगीत' हे हिंदी मासिक १९३५ साली सुरू झाले. ते सुरू करणारे प्रभुलाल गर्ग म्हणजेच काका हाथरसी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' १९४७ पासूनचे. या नियतकालिकांनी वाचक आधी ओळखला. शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी, शिक्षक, परीक्षेला बसणारा उमेदवार, अशा माणसाला काय हवे ते त्यांनी दिले. आपल्या वस्तीतला ढोलकीवाला मात्र तो वाचक नव्हे. त्याची गरज वेगळी आहे.

माझ्या मते आपले वाचक चार प्रकारचे आहेत. पहिला वाचक म्हणजे गायन पार्टी. पेटी, ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड आणि मागे कोरस धरणारी चार पोरे. १४ एप्रिलपासून पुढे महिना-दीड महिना ही मंडळी रात्र-रात्र गातात. त्यांना नवी गाणी हवी असतात आणि जुन्या गाण्यांचे शुद्ध पाठ हवे असतात. दुसरा वाचक म्हणजे विहारात जमणाऱ्या आपल्या माता-भगिनी. वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर त्या गातात. बाबासाहेबांवरच्या ओव्या जात्यावर रचणाऱ्या स्त्रियांची परंपरा किती मोठी आहे, याचा पुरावा जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनातून जगापुढे आलेला आहे. त्यातील काही ओव्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. तिसरा वाचक मोबाईलवर गाणी ऐकणारा आणि रॅप करू पाहणारा तरुण. चौथा अभ्यासक.

या चौघांत मी पहिल्या दोघांना अग्रमान देतो. अभ्यासक कुठलाही अंक शोधून काढतोच. पार्टीतला गायक आणि विहारातली भगिनी यांच्यासाठी मात्र आजवर कोणी अंक काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

आता घाई का?

बंधू-भगिनींनो, हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. जुन्या शाहिरांची सर्व कमाई लाँगबुकच्या वह्यांत आहे. शाहीर जातो, पत्र्याची पेटी माळ्यावर जाते आणि घर बदलताना वह्या रद्दीच्या काट्यावर चढतात. असे आपल्याच वस्तीत घडलेले अनेकांनी पाहिले आहे. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीच्या परिसरात, कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. ही मोठी नावे, त्यांची गाणी ध्वनिमुद्रित आहेत. पण त्यांच्याबरोबर गाणारे, तालुक्याच्या पलीकडे नाव न गेलेले शेकडो गायक आहेत. त्यांच्या वह्या कोण वाचवणार?

१९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसा खेडोपाडी कसा फिरला, त्यात गण कसा होता, वग कसा होता, हे आज आपण सांगू शकतो. याचे मोठे श्रेय भीमराव कर्डकांना आहे. जलसाकार असूनही, किंबहुना म्हणूनच, त्यांनी 'आंबेडकरी जलसे' हा ग्रंथ लिहिला आणि तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. एक कलावंत लिहिता झाला म्हणून एवढे उरले. बाकीचे जलसे कुठे गेले?

दुसरे नुकसान नावाचे आहे. आपले कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. कॅसेटच्या काळात गाणे आखूड करताना तेच कडवे गाळले जाई. आज मोबाईलवर लाखो लोक गाणे ऐकतात, पण खाली कवीचे नाव शोधून सापडत नाही. ज्या समाजाचे नाव शतकानुशतके कोणी घेतले नाही, त्याने आपल्याच कवीचे नाव गाळावे, हे मनाला लागते.

अंकाचे रूप

आता रचनेकडे येतो. पेटीवादकाचा एक हात भात्यावर असतो आणि दुसरा पट्ट्यांवर. गाण्याच्या मध्येच पान उलटायला तिसरा हात त्याने कुठून आणावा? म्हणून माझी पहिली सूचना अशी, की प्रत्येक गाणे समोरासमोरच्या दोन पानांत पूर्ण व्हावे. डावीकडे शब्द, उजवीकडे स्वरलेखन. अंक पेटीवर उघडा राहावा यासाठी पाठीला डिंकाची बांधणी नको, मध्यभागी पिना हव्यात. मंडपातल्या उजेडात दुरून वाचता यावे म्हणून गाण्याचे अक्षर १६ पॉइंटपेक्षा लहान नको. शब्दांच्या मागे फिकट छायाचित्र छापण्याची जी हौस असते, ती आपण टाळावी. गुळगुळीत कागदावर हॅलोजनचा उजेड चमकतो आणि अक्षर दिसत नाही, म्हणून आत साधा मॅपलिथो कागद बरा.

स्वरलेखनासाठी भातखंडे पद्धती घ्यावी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, कालाला शून्य. एवढी खूण प्रत्येक अंकात एका चौकटीत द्यावी, म्हणजे नवशिक्यालाही वाट सापडेल. मात्र आपल्या बहुतेक गायकांना स्वरलेखन वाचण्याची सवय नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणून गाण्याच्या माथ्यावर त्यांच्या नेहमीच्या भाषेत चार ओळी असाव्यात : कवी कोण, चाल कोणाची, पट्टी कोणती (काळी दोन की पांढरी चार), ताल केरवा की दादरा. शेजारी क्यूआर कोड छापावा. तो मोबाईलने टिपला की जुन्या गायकाने स्वतः गायलेले गाणे ऐकू यावे. तरुण वाचक या खिडकीतून आत येईल.

आकार क्राऊन चारचा घ्यावा, म्हणजे साडेसात बाय दहा इंच. २० बाय ३० इंचाच्या एका तावावर दोन्ही बाजू मिळून १६ पृष्ठे बसतात. तीन फर्मे म्हणजे ४८ पृष्ठे. त्यांची वाटणी अशी : आठ गाण्यांना १६ पृष्ठे, एका ज्येष्ठ गायकाच्या मुलाखतीला ८, वाद्यांची निगा आणि आवाजाची काळजी यांना ६, ओव्या व स्त्रियांच्या गाण्यांना ४, नव्या कवींना ४, 'हरवलेली कडवी' आणि वाचकांची पत्रे यांना ४, संपादकीय व अनुक्रमणिकेला २, जाहिरातींना ४. 'हरवलेली कडवी' या सदरात अपुरे गाणे छापून उरलेल्या कडव्यांची वाचकांकडे मागणी करायची. हे सदर अंकाचा प्राण ठरेल, असे मला वाटते. जाहिराती वाद्यांच्या दुकानांच्या, मंडप-साउंडवाल्यांच्या घ्याव्यात. गायकाला त्यांचा उपयोग आहे.

वर्षातून चार अंक, आणि तेही लोक जमतात त्या वेळी : एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी, आषाढात वर्षावासाच्या प्रारंभी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि ६ डिसेंबरच्या आधी. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपला माणूस भाकरी बांधून येतो आणि पुस्तक घेऊन जातो. आपला बाजार तिथे आहे.

पैसा आणि परवानगी

शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला अडीच हजार रुपयांची मदत केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण एका देणगीवर पत्र फार काळ चालत नाही. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली निघाले आणि १९२९ साली बंद पडले. साक्षात बाबासाहेबांच्या लेखणीला जिथे पैशाची चणचण भासली, तिथे आपण कोण? म्हणून पाचशे वर्गणीदार हाती आल्याशिवाय पहिला अंक छापू नये. वार्षिक वर्गणी ३०० रुपये धरली तर दीड लाख जमतील. अंकामागे साडेसदतीस हजार. प्रत्येक गाण्यामागे ५०० रुपये मानधन, म्हणजे आठ गाण्यांचे चार हजार आधी बाजूला काढायचे. उरलेल्या साडेतेहतीस हजारांत छपाई, टपाल आणि गायकाकडे जाण्या-येण्याचा खर्च बसला पाहिजे. तीन छापखान्यांची दरपत्रके मागवावीत. बसत नसेल तर एक फर्मा कमी करावा, मानधन कमी करू नये. जाहिरातीचा पैसा हिशेबात धरू नये, आला तर शिलकीत टाकावा. खाते स्वतंत्र असावे, सह्या दोघांच्या असाव्यात आणि जमाखर्च शेवटच्या पानावर छापावा.

१८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. नावाची पडताळणी आणि नोंदणी आता ऑनलाइन होते. ते काम आधी उरकावे. गाणी छापताना लेखी परवानगी घ्यावी. कवीच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या शब्दांवर वारसांचा हक्क राहतो. वामनदादांच्या गीतांवरचा हक्क त्यामुळे २०६४ अखेरपर्यंत आहे. 'गाणे समाजाचे आहे' म्हणून कवीच्या घरी न विचारता छापणे शोभणार नाही.

एवढ्याशा अंकाने काय होणार, असे कोणी विचारील. न्यूयॉर्कमध्ये सिस कनिंगहॅम आणि गॉर्डन फ्रीझन या दांपत्याने १९६२ साली 'ब्रॉडसाइड' नावाचे पत्रक घरच्या घरी मिमिओग्राफवर काढायला सुरुवात केली. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ३००, किंमत ३५ सेंट. आत नवी गाणी, शब्द आणि चाल. रंग नाही, गुळगुळीत कागद नाही. त्याच वर्षी मे महिन्याच्या अंकात बॉब डिलन या तरुणाचे 'ब्लोइंग इन द विंड' छापून आले. पुढे ते तिथल्या नागरी हक्कांच्या चळवळीत सर्वत्र गायले गेले. ते पत्रक १९८८ पर्यंत चालले. गाणे कोण गाणार, हे त्या दोघांना ठाऊक होते.

आजच्या सभेकडे माझी मागणी दोन गोष्टींची आहे. वर्गणीची पावतीपुस्तके आजच वाटून घ्यावीत. आणि येत्या रविवारपासून दोन-दोन कार्यकर्त्यांनी जुन्या गायकांच्या घरी जाऊन त्यांच्या वह्यांची मोबाईलवर पानापानाने छायाचित्रे घ्यावीत. वही तिथेच ठेवावी, बाहेर नेऊ नये. अंक निघायला सहा महिने लागोत की वर्ष लागो, वह्या मात्र तोपर्यंत थांबणार नाहीत.



जयभीम! जय भारत!