उधारीची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ती नव्हे. आजवर मंडळात माझे काम पाटावरच्या रांगोळीपासून हिशेबाच्या पावत्यांपर्यंतच राहिले. परंतु चिटणीसबाईंनी गळ घातली, ‘गिरणगावच्या लढ्यांत बायकांचा वाटा’ या विषयावर तुम्हीच बोला. विषय मोठा, माझा आवाका लहान. म्हणून येताना आधाराला एक वस्तू घेऊन आले आहे. ही लाल पुठ्ठ्याची लांबट वही. कडा उंदराने कुरतडल्या आहेत, तेलाचे डाग पडले आहेत. ही माझ्या आईची खाणावळीची वही आहे.

माझे वडील साचेखात्यात होते. १९६४ साली ते वारले. गाठीला काही नव्हते. होती ती लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. आईने त्याच खोलीत खाणावळ सुरू केली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे गडी बायकामुले गावी ठेवून मुंबईस येत, दहा-पंधराजण मिळून एका गाळ्यात राहत, पाळीपाळीने झोपत आणि जेवायला अशा एखाद्या बाईकडे येत. त्यांना ‘मेंबर’ म्हणण्याची पद्धत होती. आईकडे बावीस मेंबर होते.

पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई, म्हणून आई चारला उठे. दुसऱ्या पाळीचे लोक दुपारी साडेतीनला कामावर जात, त्यांचे जेवण त्याआधी उरकावे लागे. पहिल्या पाळीचे रात्री जेवत आणि रात्रपाळीचे बाराच्या भोंग्याआधी. रविवारी मटण असे, त्याला ‘फिस्ट’ म्हणत. पैसे पगार झाल्यावर, म्हणजे महिनाभर बाई आधी खर्च करी आणि मग तिच्या हाती पैसा येई. वाण्याचे उधार, कोळशाच्या वखारीचे उधार, रेशन मात्र रोख. भांडवल म्हणाल तर तिच्या हातातल्या पाटल्या. त्या वर्षातून दोनदा पेढीवर जात आणि दोनदा परत येत. एकदा गेल्या त्या आल्याच नाहीत. त्याची गोष्ट पुढे सांगते.

त्याआधी थोडे मागे जाऊ या. मुंबईत कामगारांच्या चळवळीचा पाया नारायण मेघाजी लोखंडे यांनी घातला. सत्यशोधक विचाराचा हा गृहस्थ. १८८४ साली त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ काढली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. मागणी एकच, आठवड्याला एक दिवस सुट्टी हवी. त्याच वर्षी जून महिन्यात मालकांनी ती मान्य केली. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या! १८९० साली, दहा हजार पुरुषांसमोर! परंतु ग्रंथांतून त्यांचा उल्लेख बहुधा ‘दोन कामगार स्त्रिया’ एवढाच सापडतो. लोखंड्यांचे नाव आपण आदराने घेतो, घ्यावेच. या दोघींना मात्र कोणत्या नावाने हाक मारायची?

त्या काळी गिरणीत बायका थोड्या नव्हत्या. रीळखाते, वाईंडिंगखाते ही बायकांचीच खाती. १९२० नंतरच्या दशकात सुमारे पाच कामगारांत एक बाई असे. १९२८ साली सहा महिने संप चालला, तेव्हा या बायकाही बाहेर होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा कार्यकर्त्यांनी चाळीचाळींतून फिरून त्यांना सभेला आणले. पोर काखेत आणि घोषणा तोंडात, असे ते दिवस होते.

त्याच साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले, की बाळंतिणीला विसावा मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, आणि तिच्याकडून काम करून घेणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला. बाळंतिणीला रोज आठ आणे मिळू लागले.

पण भगिनींनो, कायदा झाला म्हणजे काम झाले असे नसते. बाळंतपणाचा खर्च नको म्हणून काही मालकांनी लग्न झालेल्या बायकांना घेणेच टाळले. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, नवी यंत्रे आली, आणि ज्या खात्यांत बायका असत तेथेच कपात झाली. होता होता १९८२ साल उजाडेपर्यंत गिरणीत बाई क्वचितच दृष्टीस पडे. मग या बायका गेल्या कोठे? कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी धुणीभांडी धरली, आणि कितीतरी जणींनी चूल मांडून पाचपंचवीस गड्यांना जेवू घातले. कामगार कायद्याच्या लेखी मात्र आता त्या कामगार राहिल्या नव्हत्या. माझी आई रोज अठरा तास राबे. शिरगणतीवाला आला तेव्हा तिच्या नावापुढे लिहून गेला, ‘घरकाम’.

आता या वहीकडे येते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवे होते, आणि आपली संघटना आपण निवडण्याचा हक्क हवा होता. मागण्या न्याय्य होत्या, आजही मी तसेच म्हणेन. पहिला महिना उत्साहात गेला. होळीपर्यंत निम्मे मेंबर गावी गेले. आठजण राहिले, सभा-मोर्चे त्यांच्याच जिवावर चालत होते. या आठांना आई रोज दोन वेळा वाढत होती. वहीत लिहीत होती. तिला अक्षरे लिहिता येत नसत. प्रत्येकाच्या नावाला एक खूण होती. कोणाला विळा, कोणाला ढोल, कोणाला नुसती शेंडी. खुणेपुढे दिवसाची एक उभी रेघ. खाडा झाला की टिंब. या पानांवर पाहा, मे महिन्यापर्यंत टिंब जवळजवळ नाही. काम नसलेला माणूस जेवण चुकवीत नाही.

मे महिन्यात वाण्याने हात आखडला. त्याचाही दोष नव्हता. त्याच्या वहीत आमच्यासारखी पन्नास घरे होती. तेव्हा पाटल्या गेल्या.

त्याच आठवड्यात चाळीच्या पटांगणात सभा झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लग्न होऊन परळला भोईवाड्यात राहत होते, पण रोज संध्याकाळी आईच्या मदतीला येई. वक्ते छान बोलले. म्हणाले, गिरणगावच्या माता-भगिनी या लढ्याचा कणा आहेत, चूल विझू देऊ नका. टाळ्या पडल्या. तोच माझी आई उभी राहिली. उभ्या आयुष्यात सभेत तोंड न उघडलेली बाई! पदर डोक्यावर घेऊन ती म्हणाली, “चूल न्हाई इझू देत. पर वाण्याची उधारी कोण देनार, तेबी सांगा.”

सभा हसली. दुष्टपणाने नव्हे. लोक थकलेले होते, हसायला निमित्त हवे होते. कोणीतरी म्हणाले, “मावशी, आधी संप जिंकू, मग तुमचा वाणी बघू.” आणखी हशा झाला. आई खाली बसली.

भगिनींनो, हसणाऱ्यांत मी होते. आईने चारचौघांत पैशाचा विषय काढला याची मला लाज वाटली. इतके मोठे ध्येय चालले आहे आणि ही डाळीचा हिशेब मांडते, असे मला वाटले. आज कळते, त्या संध्याकाळी त्या पटांगणात कामाचा प्रश्न तिनेच काय तो विचारला होता. संप म्हणजे पगाराशिवाय जगायचे दिवस. ते दिवस कोणाच्या भांडवलावर जगायचे, हे ठरवावेच लागते. आम्ही ते ठरवले नाही. म्हणून ते आपोआप माझ्या आईवर येऊन पडले. तिने पुन्हा कधी सभेत तोंड उघडले नाही.

आमच्याच मजल्यावर, जिन्यापलीकडे, दुसऱ्या एका मावशींची खाणावळ होती. त्यांची कथा निराळी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते. प्रेमाताई मूळ गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या. त्यांनी ओळखले, की खाणावळवालीचा खरा काच कष्टांचा नाही, व्याजाचा आहे. त्यांनी या बायकांचे गट केले, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले आणि एकमेकींच्या जामिनावर कर्ज मिळवून दिले. जिच्यापाशी ना जमीन ना दागिना, तिची पत म्हणजे तिच्या शेजारणींचा शब्द! बायकांनी हप्ते फेडले. पुढे मंडळ एकत्र स्वयंपाक करून कचेऱ्यांना जेवण पुरवू लागले. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

शेजारच्या मावशी त्या गटात होत्या. त्यांनी आईलाही बोलावले होते. आई म्हणाली होती, “बँकेचं कर्ज काढायचं म्हंजे चारचौघांत अब्रू जायची.” संपात मावशींचेही मेंबर गेले, त्यांचीही उधारी बुडाली. परंतु त्यांच्या मागे गट होता. डबे कोठे द्यायचे, हप्ता कसा सांभाळायचा, हे विचारायला दहाजणी होत्या. त्यांची भांडी शाबूत राहिली. आईची मोठी पातेली दिवाळीच्या आत विकली गेली. दोघी सारख्याच कष्टाळू, दोघींची चूल एकाच मजल्यावर. अंतर होते ते एकटी आणि दहाजणी यांतले.

संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद झाल्या. आईच्या वहीत शेवटी येणे निघाले ४,३६५ रुपये. मी चिडून म्हणे, “बुडवे मेले!” आई रागावे. “बुडवे न्हवंत गं ते. त्येंचंच बुडालं.” त्यातल्या दोघांनी पुढे मनिऑर्डरने थोडेथोडे पैसे धाडले. एकजण दर साल सुगीला पायलीभर नाचणी आणून देई. आई त्याच्या खुणेपुढची रेघ एकेक करून खोडी. त्या खोडलेल्या रेघाही या वहीत आहेत.

पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचे नाव गिरणीच्या पटावर होते, त्याला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येई. ती घरे त्यांच्या हक्काचीच आहेत. परंतु अर्जाच्या त्या रांगेत माझी आई कोठे उभी राहणार? तिच्यापाशी पास नव्हता, पगाराची चिठ्ठी नव्हती. होती ही वही, आणि वहीवर कोणाचा शिक्का नव्हता.

कोणी म्हणेल, झाले ते झाले. आता गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे आहेत, खाणावळीही गेल्या. खरे आहे. पण आपल्याच वाडीत पाहा. पहाटे उठून पोळीभाजीचे डबे करणाऱ्या किती? साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या, मसाले कुटून देणाऱ्या, मनोऱ्यांतल्या चार-चार घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या किती? एकाच कामाचा दर एकीला एक, दुसरीला दुसरा. आजारी पडली की पैसे कापले. महिनाभर डबा खाऊन गिऱ्हाईक फोन उचलत नाही. घरकामगारांच्या कल्याणासाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला. आपल्यापैकी कितीजणींनी आपले किंवा आपल्याकडे काम करणारीचे नाव त्याखाली नोंदवले? हात वर करू नका, मला उत्तर ठाऊक आहे. मीही उशिराच नोंदवले.

आणि आता घरचेच बोलते. राग मानू नका. हे सभागृह आज लखलखते आहे. ज्या बाई ते झाडतात त्यांना आपण दिवाळीला साडी देतो, हळदीकुंकवाला वाण देतो. त्यांना महिन्याला पगारी रजा किती, हे मंडळाच्या इतिवृत्तात कोठे लिहिले आहे? मी जुनी इतिवृत्ते चाळली. लिहिलेले नाही. पटांगणातल्या त्या सभेसारख्याच आपणही टाळ्या वाजवून घरी जाणार असू, तर मी येथे उभी राहिले ते व्यर्थ.

म्हणून माझी मागणी तीनच गोष्टींची आहे. मंडळाने एक नवी वही घालावी. वाडीत पैशासाठी काम करणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव, काम, तास आणि दर तीत लिहावा. सारख्या कामाला सारखा दर ठरवून सगळ्याजणींनी तोच सांगावा, म्हणजे एकीला दुसरीच्या नावाने घासाघीस सोसावी लागणार नाही. आणि वर्षाच्या वर्गणीतून काही भाग आजारपणासाठी बाजूला काढावा. त्यावर पहिला हक्क या सभागृहात झाडू मारणाऱ्या बाईंचा असावा, आणि त्यांची रजा येत्या बैठकीत ठरावाने लिहिली जावी. ठराव मी मांडते. अनुमोदन कोणीतरी द्यावे.

पुढल्या शनिवारी दुपारी चार वाजता मी येथेच कोरी वही घेऊन बसेन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही यावे. विळा, ढोल, जी खूण आवडेल ती काढू. आणि कोणी बाई डाळीचा हिशेब विचारायला उभी राहिली, तर तेवढे हसू नका.