वजनाविषयी बोलू का?



दिल्लीत हिंदूराव म्हटलं की महापालिकेचं मोठं रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. नाव मात्र मराठी माणसाचं आहे. हिंदूराव घाटगे म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. रिजच्या टेकडीवर त्यांचा बंगला होता. त्याच टेकडीच्या उतारावर माझा छोटा दवाखाना आहे.

तिथे एक काकू गुडघेदुखीसाठी यायच्या. वजन ७८ किलो. चार वर्षं मी चिठ्ठीवर लिहीत होतो, 'वजन कमी करा'. एकदा वैतागून म्हणालो, "काकू, तुमची इच्छाच दिसत नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन महिने रात्रीचं जेवण सोडलं होतं, चक्कर येऊन पडले. घरातलं उरलेलं टाकवत नाही, मीच संपवते. तुम्ही कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं.

२०१९ साली 'अॅक्शन-आयओ' हा ११ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०० पैकी ७१ डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना वाटत होतं की लठ्ठ रुग्णांना वजन उतरवण्यात रस नाही. खरोखर रस नसलेले रुग्ण होते फक्त ७. उलट ८१ जण सगळी जबाबदारी एकट्याची मानत होते. वजनाशी झगडा सुरू झाल्यापासून डॉक्टरांशी पहिल्यांदा बोलेपर्यंत सरासरी ६ वर्षं गेली होती. भारत त्या अभ्यासात नव्हता, पण ही गोष्ट माझ्याच खोलीतली होती.

खरं तर वजन उतरू लागलं की शरीरच भूक वाढवतं. त्याला आळस म्हणणं चूक आहे.

आता मी आधी विचारतो, "वजनाविषयी बोललं तर चालेल?" मग कंबर मोजतो. बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी. मग घरात कोण रांधतं, कोण शेवटी जेवतं, हे विचारतो. पहिलं लक्ष्य ५ टक्क्यांचं. तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू शकतात.

काकूंनी कणीक मोजून मळायला सुरुवात केली, म्हणजे उरतच नाही. वर्षात ४ किलो उतरले. चढावर आता त्या एकदाच थांबतात.

तुमचे डॉक्टर विचारत नसतील, तर विषय तुम्हीच काढा. आणि माझ्यासारखे डॉक्टर ऐकत असतील, तर त्यांनी चिठ्ठी लिहिण्याआधी पेन खाली ठेवावं.