रुग्णपरीक्षेचें शास्त्र आणि परिचारिका

ताप मोजणें, औषध देणें, पट्टी बांधणें हें परिचारिकेचें काम आणि छाती तपासणें हें डॉक्टराचें काम, अशी वाटणी सुशिक्षित घरांतूनहि निर्विवाद मानली जाते. परंतु ती कांहीं ईश्वरनिर्मित नव्हे. थर्मामीटर लावणें व रक्तदाब पाहणें हींहि प्रथम डॉक्टरांचींच कामें होतीं. पुढें तीं परिचारिकेच्या हातीं आलीं आणि आज त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं.

या वाटणीस मोठा धक्का बसला तो १९६५ सालीं अमेरिकेंत. खेड्यापाड्यांतील व गरीब वस्त्यांतील मुलांना तपासावयास तेथें डॉक्टर पुरेसे नव्हते. कोलोरॅडो विद्यापीठांत लॉरेटा फोर्ड या परिचारिकेनें आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानें मिळून अनुभवी परिचारिकांना मुलांची संपूर्ण तपासणी करण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही पदवी तेथून निघाली. दोन्ही व्यवसायांतून पुष्कळ विरोध झाला, आणि कौतुकाची गोष्ट ही कीं परिचारिकांच्या पुढाऱ्यांचा विरोधहि कमी तिखट नव्हता. फोर्डबाई २०२५ सालीं, १०४ वर्षांचें आयुष्य भोगून निवर्तल्या. तोंवर त्यांचा मूळ प्रयोग अनेक देशांत रुजला होता. भारतांतहि इंडियन नर्सिंग कौन्सिलनें अतिदक्षता विभागासाठीं दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आंखला आहे, आणि केंद्र सरकारनें २०१८ सालीं प्रसूतिसेवेसाठीं अशाच विशेष शिक्षित परिचारिकांची योजना जाहीर केली.

या शिक्षणाचे तीन खांब मानतात: रोगांत शरीराचें काय बिघडतें याचें ज्ञान, औषधांचें ज्ञान, आणि प्रगत शरीरपरीक्षा. पहिलीं दोन पुस्तकांतून बरींचशीं साधतात. तिसरें मात्र हातांनीं शिकावें लागतें.

आयुर्वेदांतील दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा श्रोत्यांस ऐकून माहीत असेल. पाश्चात्य वैद्यकाचा क्रमहि याहून फार निराळा नाहीं: विचारणें, पाहणें, चांचपणें; त्यांत ठोठावणें आणि ऐकणें या दोन रीतींची भर पडली. ठोठावण्याची रीत ऑस्ट्रियांतील लिओपोल्ड आउएनब्रुगर यांची. त्यांचे वडील ग्राझ येथें खानावळ चालवीत. पिंपांत दारू किती उरली हें बाहेरून ठोठावून ओळखतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असें परंपरा सांगते. त्यांचें छोटेखानी पुस्तक १७६१ सालीं व्हिएन्नांत प्रसिद्ध झालें आणि जवळजवळ अर्धें शतक बहुतेकांनीं त्याकडे दुर्लक्ष केलें. १८०८ सालीं नेपोलियनचे वैद्य कॉर्व्हिसार यांनीं त्याचें फ्रेंच भाषांतर केलें तेव्हां जगाचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षीं आउएनब्रुगर वारले. ऐकण्याची नळी १८१६ सालची. पॅरिसच्या लेनेक या वैद्यास एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणें प्रशस्त वाटेना. त्यानें कागदाची गुंडाळी करून तिचें एक टोक तिच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें. संकोचांतून शास्त्राचा एवढा लाभ क्वचितच झाला असेल.

आतां प्रत्यक्ष कृति. डाव्या हाताचें मधलें बोट छातीवर दोन बरगड्यांच्या मध्यें सपाट दाबून ठेवावयाचें आणि त्याच्या शेवटल्या सांध्यावर उजव्या मधल्या बोटाच्या टोकानें मनगटाच्या झटक्यानें ठोका मारावयाचा. हात कोपरापासून हलला कीं ठोका फसला. खालीं हवेनें भरलेलें फुप्फुस असेल तर पोकळ नाद येतो. पाणी किंवा घट्ट झालेला भाग असेल तर मांडीवर मारल्यासारखा बद्द आवाज येतो. हा नाद सुमारें पांच ते सात सेंटिमीटर खोलीपर्यंतचीच वार्ता आणतो, म्हणून खोल दडलेली गांठ यास सांपडत नाहीं.

येथेंच खरी परीक्षा आहे. समजा, तापानें व दम्यानें बेजार झालेल्या रोग्याच्या पाठीवर उजवीकडे खालीं बद्द आवाज आला. फुप्फुसाभोंवतीं पाणी जमलें, कीं न्यूमोनियानें फुप्फुसच घट्ट झालें? ठोका दोहोंत सारखाच. मग तळहात पाठीवर ठेवून रोग्यास बोलावयास सांगतात. इंग्रजी पुस्तकांत यासाठीं ‘नव्याण्णव’ म्हणवितात. मराठी रोग्याकडून ‘एक, दोन, तीन’ म्हणविलें तरी काम भागतें. पाणी मध्यें आलें असेल तर आवाजाचें कंपन हातास कमी लागतें व श्वासध्वनि क्षीण होतो. घट्ट झालेलें फुप्फुस उलट आवाज चांगला वाहून नेतें; कंपन वाढतें, आणि नळींतून श्वास श्वासनलिकेवर ऐकावा तसा कर्कश ऐकूं येतो. ठोक्याचा नाद फाजील पोकळ, पण श्वासध्वनि मुळींच नाहीं, असें आढळलें तर छातीच्या पोकळींत हवा शिरल्याची शंका घ्यावी, आणि तेथें विलंब परवडत नाहीं. एकेक चिन्ह एकटें मुकें असतें. तीं जुळविणें हें या विद्येचें मर्म आहे.

नळी सदऱ्यावरून लावणें ही मात्र सर्वत्र आढळणारी आणि अक्षम्य हयगय आहे. कापडाच्या घासण्याचा आवाज फुप्फुसांतील बारीक चुरचुरीसारखाच लागतो. तसेंच, छातीच्या पुढच्याच बाजूस ऐकून समाधान मानणें. फुप्फुसांचे खालचे मोठे भाग पाठीकडे असतात, हें विसरलें जातें. पोटाच्या बाबतींत तर क्रमच बदलतो. पाहिल्यानंतर आधीं ऐकावें, मग ठोठावावें, आणि चांचपणें शेवटीं. कारण दाबल्यानें आंतड्यांचे आवाज बदलूं शकतात. दुखरी जागा सर्वांत शेवटीं, ऊबदार हातानें, रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहत.

पुस्तकें बहुतेक गोऱ्या रोग्यांवरून लिहिलेलीं असल्यानें भारतीय विद्यार्थिनीस एक गोष्ट वेगळी शिकावी लागते. सावळ्या त्वचेवर निळेपणा सहज दिसत नाहीं. तो जिभेवर व ओठांच्या आंतल्या बाजूस पाहावा लागतो. फिकेपणा पापणीच्या आंतल्या बाजूस व तळहातावर, कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागांत, आणि तीहि दिवसाच्या उजेडांत. यंत्रहि येथें निर्दोष नाहीं. बोटाला लावावयाचें प्राणवायुमापक कृष्णवर्णीय रोग्यांत खरी तूट गोऱ्या रोग्यांच्या सुमारें तिप्पट वेळां चुकवितें, असें २०२० सालीं अमेरिकेंतील एका अभ्यासांत दिसलें. यंत्रावरचा समाधानकारक आंकडा आणि धापा टाकणारा रोगी यांत विरोध आला, तर विश्वास रोग्यावर ठेवावा.

श्वास मोजणें हें तर सर्वांत सोपें आणि सर्वांत उपेक्षित काम. तक्त्यावर वीसाचा आंकडा न मोजतांच भरला जातो, हें अनेक रुग्णालयांतील उघड गुपित आहे. वास्तविक प्रौढाचा श्वास दर मिनिटास १२ ते २० असतो, आणि प्रकृति ढासळूं लागली कीं पुष्कळदां नाडी व रक्तदाब यांच्या आधीं हाच आंकडा चढतो. खोकला असलेल्या मुलांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें मर्यादा घालून दिल्या आहेत: दोन महिन्यांच्या आंत ६०, एक वर्षाच्या आंत ५०, आणि पांच वर्षांपर्यंत ४०. याहून अधिक, किंवा तितकाच, श्वास असल्यास तो जलद समजावा. मोजावयाचें पूर्ण एक मिनिट, मूल शांत असतांना. रडत्या मुलाचा आंकडा व्यर्थ.

आणि जें आढळलें तें सांगतां आलें पाहिजे. रात्रीं दोन वाजतां परिचारिकेनें दूरध्वनीवरून ‘रोग्यास बरें वाटत नाहीं’ एवढेंच सांगितलें, तर पलीकडचा झोपाळू डॉक्टर सकाळीं पाहूं म्हणण्याचा संभव फार. तीच परिचारिका म्हणाली कीं, ‘श्वास ३२, नाडी १२०, उजवीकडे पाठीच्या तळाशीं ठोका बद्द, श्वासध्वनि कर्कश, दोन तासांपूर्वीं हें नव्हतें,’ तर तो उठून सदरा चढवूं लागतो.