काकूंचं कर्ज आणि स्टेम सेलचं इंजेक्शन

उमरेडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. मागच्या बैठकीत आमच्या एका काकूंनी मोठं कर्ज मागितलं. वर्षानुवर्षं मिरचीच्या सातऱ्यावर बसून देठ खुडले, गुडघे गेले. कुणीतरी सांगितलं, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, कूर्चा नवी येईल. आम्ही म्हटलं, सही करण्याआधी समजून घेऊ.

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. आपल्या हाडांच्या मगजात त्या असतात. त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी होऊ शकते. काय व्हायचं, हे ठरायला आजूबाजूची जागा मऊ की कडक, ताण किती, दाब किती, यालाही महत्त्व असतं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या पेशी वेगवेगळ्या जेलवर वाढवल्या. अगदी मऊ जेलवर त्या मज्जापेशींच्या वळणावर गेल्या, जरा घट्टवर स्नायूंच्या, कडकवर हाडाच्या.

ताणाची करामत आपल्या विदर्भातही दिसते. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी इलिझारोव्ह पद्धतीने उपचार करतात. रशियाच्या डॉ. इलिझारोव्ह यांची ही रीत. पायाभोवती कड्या बसवतात, हाड कापतात आणि दोन टोकं दिवसाला साधारण 1 मिलिमीटर दूर सारतात. त्या फटीत नवं हाड धरतं. घाई केली तर नीट भरत नाही, फार हळू सारलं तर आधीच जुळून जातं.

म्हणजे पेशी टोचली की कूर्चा आली, इतकं ते सोपं नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं मान्य प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करावा. कुणी चाचणी म्हणालं, तर नोंदणी क्रमांक मागा.

हे सांगितल्यावर काकू रागावल्या. म्हणाल्या, "तुमचे गुडघे दुखत नाहीत ना, म्हणून!" खरंच होतं ते. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. मग ठरलं, गटातल्या दोघी काकूंसोबत नागपूरच्या सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांकडे जातील. डॉक्टर सांगतील तो व्यायाम आम्ही सगळ्या मिळून करू. सातऱ्यावर बसायला उंच स्टूल मागू. कर्जाचा अर्ज फाडलेला नाही, डॉक्टरांचं ऐकून पुढच्या बैठकीत पुन्हा काढू.

तुमच्या गटात असा अर्ज आला, तर आधी बाईचं दुखणं ऐका, मग इंजेक्शनचा कागद वाचा.