एक वही नाल्यासाठी
(प्रभागसंघाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज हप्त्याचा विषय नाही, कर्जाचाही नाही. पण वही मात्र लागणार आहे. का, ते सांगते.

प्रदूषण म्हटलं की आपल्याला शाळेतला निबंध आठवतो. हवा, पाणी, आवाज, झाडे लावा, झाडे जगवा, संपलं. म्हणून आपण निबंध बाजूला ठेवू आणि आपल्या हंड्यापासून सुरुवात करू. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर आणि आसपासच्या कितीतरी गावांच्या हंड्यात येतं ते पाणी उल्हास नदीचं. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणजवळ खाडीला मिळते. एप्रिल-मे महिन्यात आपले ओढे कोरडे पडतात, तरी उल्हासला पाणी असतं. कारण भिवपुरीच्या वीजकेंद्रात वीज तयार झाली की ते पाणी खाली नदीत सोडलं जातं. पुढे बदलापूरचं बॅरेज, जांभूळ, शहाड, मोहिली या ठिकाणी ते उचलून शहरांना दिलं जातं.

आता तिची लहान बहीण बघा, वालधुनी. अंबरनाथच्या डोंगरातून निघते, साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरातून कल्याणला येते. आपल्यातल्या सासूबाईंना विचारा, त्या नदी म्हणतात. सुनेला विचारा, ती नाला म्हणते. एका पिढीत नदीचा नाला झाला. खाडीवरच्या आगरी-कोळी मावश्यांना विचारा, निवटे आणि चिंबोऱ्या आधी किती मिळायच्या आणि आता टोपलीत काय येतं.

हे झालं कसं? काही गोष्टी तुम्हाला आठवत असतील. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस वालधुनीत रात्री रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना श्वास घ्यायला त्रास झाला, दवाखाने भरले. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः बघायला आले.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्याला रंग होता नाहीतर उग्र वास होता, म्हणून ते पेपरात आलं. ज्या दिवशी रंग नसतो त्या दिवसाचं काय? शहरांतलं न्हाणीघराचं, संडासाचं पाणी पूर्ण शुद्ध न होता नदीत जातं, त्याला गुलाबी रंग नाही. त्याचा फोटो कोणी काढत नाही. ते रोज जातं.

मागच्या वर्षी आम्ही काही जणी एका नाल्याची तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि तीन प्रश्न विचारले. पाणी कधी येतं? किती वाजता? शेवटचं कधी आलं होतं? आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं. एक म्हणाली रोज येतं, दुसरी म्हणाली आठवड्यातून दोनदा, तिसरी म्हणाली रात्री. साहेब म्हणाले, "ताई, आमचा माणूस येऊन गेला, त्याला तर पाणी साधं दिसलं." आम्ही चहा पिऊन परत आलो. त्या दिवशी मला फार राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की राग त्यांचा कमी आणि आपला जास्त येत होता. पाच रुपयांचा दंड कोणी कधी भरला हे आपल्या गटाच्या वहीत सापडतं. नाल्याची मात्र एक ओळ नाही.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार घाण पाणी शुद्ध न करता नदी-नाल्यात सोडायला मनाई आहे. लक्ष ठेवायचं काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, त्याचं कार्यालय कल्याणला आहे. पण आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. नमुना मंडळाच्या माणसानेच, ठरलेल्या पद्धतीने घ्यायचा असतो. पाणी सुटतं शनिवारी मध्यरात्री आणि माणूस येतो मंगळवारी अकराला, तर त्याला काय सापडणार? तो योग्य वेळी यावा असं वाटत असेल, तर ती वेळ आपल्याला सांगता आली पाहिजे. ती सांगेल आपली वही.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं किंवा कसला वास आला, आणि कोणाला त्रास झाला. खोकला, डोळ्यांची आग, अंगाला खाज, मेलेले मासे, जे असेल ते. खाली दोघींची सही. फोनमध्ये फोटो असेल तर उत्तम. महिनाभर लिहिलं की वहीच बोलायला लागते, "गेल्या चारही शनिवारी, रात्री बारानंतर." मग ती महिला ग्रामसभेत ठेवायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा, ठरावाची प्रत जोडून मंडळाला अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. असं लिहून, धरून ठेवून काय होतं? उल्हास नदीसाठी 'वनशक्ती' ही संस्था हरित लवादात गेली. २०१५ मध्ये लवादाने नगरपालिकांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मोठा दंड लावला. नदी लगेच स्वच्छ झाली नाही, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. पण उत्तर द्यायला सगळ्यांना उभं राहावं लागलं.

एक सूचना. रात्री एकटीने नाल्यावर जायचं नाही, टँकर अडवायचा नाही, त्या पाण्यात हात घालायचा नाही. लांबून नंबर दिसला तर लिहायचा. वायूचा उग्र वास आला तर पोरंबाळं घेऊन वाऱ्याला आडवं होऊन दूर जायचं आणि ११२ ला फोन लावायचा.

आता अवघड प्रश्न. एका बैठकीत एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझा मुलगा तिथंच कामाला आहे. तक्रार केली आणि कंपनी बंद पडली तर चूल तुम्ही पेटवणार का?" मी गप्प झाले. कारण प्रश्न खरा आहे. या प्रश्नाला सोपं उत्तर माझ्याकडे नाही, पण दोन गोष्टी सांगते. एक, कायदा कंपनी बंद करा म्हणत नाही, पाणी शुद्ध करून सोडा म्हणतो. जो मालक खर्च करून नियम पाळतो, त्याला चोरून पाणी सोडणारा शेजारी तोट्यात घालतो. आपली तक्रार त्या चोरट्याविरुद्ध आहे. दुसरी, तो धूर, ती वाफ आपल्या आधी तुमच्या मुलाच्या छातीत जाते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाले, त्यात गेलेली माणसं कोण होती? कामगार आणि शेजारपाजारचे. निष्काळजीपणा सुरू असताना नोकरी टिकली, तरी माणूस टिकेलच असं नाही.

वहीचं दुसरं पान मात्र आपलं स्वतःचं आहे. जमा लिहितो तर नावेही लिहिलं पाहिजे. आपण काय टाकतो?

पहिलं, जाळणं. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, संध्याकाळी घरामागे कचऱ्याला काडी. प्लॅस्टिक साध्या आगीत पूर्ण जळत नाही, त्यातून विषारी वायू निघतात. त्या धुरात सगळ्यात जवळ कोण बसतं? आपण, आणि मांडीवरचं बाळ. प्लॅस्टिक धुऊन, वाळवून गोणीत साठवा. गटाने मिळून भंगारवाल्याला दिलं तर दोन पैसेही येतील.

दुसरं, सांडपाणी. मोरीचं पाणी गटारात, गटार ओढ्यात, ओढा नदीत. साबणाचं आणि मैल्याचं पाणी म्हणजे जलपर्णीला खत. उन्हाळ्यात उल्हासवर हिरवी चादर पसरते ती याच खतावर. खालच्या पाण्याला ऊन आणि हवा मिळत नाही, मासे गुदमरतात. यावर उपाय म्हणजे शोषखड्डा. साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल, खाली मोठे दगड, वर लहान, आणि पाणी पडतं तिथे काथ्या भरलेलं भोकाचं मडकं. फक्त तो विहिरीपासून लांब घ्या आणि त्यात संडासाचं पाणी सोडू नका. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, गटारं संपवली आणि डास पळवले.

तिसरं, ओला कचरा. घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त तोच असतो. खड्ड्यात भाजीचे देठ, त्यावर सुका पाला आणि मूठभर माती, असे थर द्या. दोन-तीन महिन्यांत परसातल्या वेलांना खत तयार.

तुम्ही म्हणाल, ते टँकर ओततात आणि आम्ही एक पिशवी जाळली तर काय बिघडलं? बरोबर आहे, दोन्ही सारखं नाही. तुमची पिशवी थांबली म्हणून वालधुनी शुद्ध होणार नाही, ही खोटी आशा मी दाखवणार नाही. पण तुमच्या अंगणातला धूर थांबेल, तो आजच थांबेल, आणि उद्या साहेबांसमोर बोलताना आपली मान खाली जाणार नाही.

तर पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच काम. प्रत्येक गटाने एक शंभर पानी वही घ्यायची आणि लिहायला दोघी ठरवायच्या. एक पान त्यांचं, एक पान आपलं. आपण दहा-वीस रुपयांपासून बचत सुरू केली तेव्हाही लोक हसले होते. आज बँकेचे साहेब आपल्या वहीवर विश्वास ठेवून कर्ज देतात. ही वहीसुद्धा तशीच रोज, खरी आणि सहीनिशी भरू.

पुढच्या महिन्यात मी हजेरीच्या आधी तीच बघणार आहे.