पाटीवर न मावणारें पान

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तळेगांव दाभाडे हें स्टेशन लागतें. तेथें उतरून इंद्रायणीपलीकडे उत्तरेस गेलें म्हणजे मावळांतील नवलाख उंबरे हें गांव येतें. एकीकडे भाताचीं खाचरें व दुसरीकडे औद्योगिक वसाहतीचे कारखाने, असें त्याचें आजचें रूप आहे. अशा गांवीं बारावी झालेल्या एखाद्या मुलीच्या हातीं टॅबलेट दिसावा, यांत आतां नवल उरलेलें नाहीं. 'महाज्योती' या शासकीय संस्थेनें इतर मागासवर्ग, विमुक्त जाति, भटक्या जमाति व विशेष मागासवर्ग यांतील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व सीईटी या परीक्षांच्या तयारीसाठीं विनामूल्य टॅबलेट दिले, आणि त्यांजबरोबर रोज सहा जीबी इंटरनेटचीहि सोय केली. पूर्वीं मुलें दगडी पाटी घेऊन शाळेंत जात. ही कांचेची पाटी तिचीच नात म्हणावयास हरकत नाहीं.

आतां अशी एक मुलगी डोळ्यांपुढें आणावी. आषाढाचा पाऊस लागला आहे, वीज गेली आहे, आणि प्रवेशाचा अर्ज भरण्याची मुदत उद्यां संपणार आहे. टॅबलेट चालू आहे, इंटरनेटहि आहे. ती संकेतस्थळ उघडते. माथ्यावर 'प्रवेश' हा शब्द दिसतो. संगणकावर माउसचा बाण त्या शब्दावर नुसता नेला कीं खालीं यादी उलगडते. परंतु बोटाला असें घुटमळतां येत नाहीं. बोट टेंकलें तरी आहे किंवा उचललें तरी आहे. कांहीं ब्राउझर पहिल्या स्पर्शालाच बाणाची चाहूल समजून वेळ मारून नेतात; पण पुष्कळदां यादी डोळ्यांसमोर लुकलुकते आणि दुसरेंच पान उघडतें. नांवांत नवलाख उंबरे असलेल्या गांवची ही मुलगी या पहिल्याच उंबऱ्याशीं अडते.

कशीबशी ती आंत शिरते. जन्मतारखेचीं घरें ज्वारीच्या दाण्याएवढीं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनाप्रमाणें बोटानें दाबावयाची जागा सुमारें 9 मिलिमीटर तरी रुंद असावी. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या वेबविषयक सुगम्यतेच्या 2.2 या नियमावलींतहि किमान 24 पिक्सेलांचें माप सांगितलें आहे. येथें त्या मापाचा कोणी विचार केलेला नसतो, आणि 14 ऐवजीं 15 तारीख उमटते. दाखल्यावरील तारखेशीं ती जुळली नाहीं तर पुढें काय होईल, हें त्या मुलीस पक्कें ठाऊक आहे. म्हणून ती पुन्हां पुन्हां पुसते. टॅबलेट आडवा धरावा तर कळफलक अर्धी कांच व्यापतो, आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक टाकल्यावर दाबावयाची कळ नेमकी त्याच्याखालीं दडते. उभा करावा तर कांहीं पानें नव्यानें मांडलीं जातात व भरलेला मजकूर नाहींसा होतो. तीन वेळां अर्ज भरून झाल्यावर पहाट होते.

सकाळीं वडील कारखान्यांतील पाळी बुडवून तिला तळेगांवास घेऊन जातात. तेथील एका सेवाकेंद्रांतील संगणकावर तोच अर्ज अल्पावकाशांत भरला जातो. शुल्क द्यावें लागतें, एका दिवसाची मजुरी जाते, आणि मुलीचा परवलीचा शब्द एका परक्या माणसाच्या वहींत उतरतो. ही शेवटची गोष्ट पैशांहूनहि जड आहे, पण तिची तक्रार सहसा कोणी करीत नाहीं.

हा दोष अज्ञानाच्या काळांतला नव्हे. आयपॅड 27 जानेवारी 2010 रोजीं जाहीर झाला. त्यानंतर चारच महिन्यांनीं, 25 मे रोजीं, ईथन मार्कॉट यानें आपल्या लेखांत असें मांडलें कीं, पानानें कांचेच्या रुंदीप्रमाणें आपोआप आकार घ्यावा. पाणी जसें भांड्याचा आकार घेतें तसें. भारतांतहि 5 ऑक्टोबर 2011 रोजीं 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट निघाला, आणि त्याची सुधारलेली आवृत्ति मुंबईच्या आय. आय. टी.च्या देखरेखीखालीं 11 नोव्हेंबर 2012 रोजीं बाहेर पडली. सात इंचांची ती कांच होती. पाट्या वाटण्याचा उत्साह आपल्याकडे तेव्हांपासून आहे. त्यांवर काय लिहिलें जाणार, याचा विचार मात्र पाठीमागून आला, आणि कित्येक ठिकाणीं अजून यावयाचाच आहे.

बहुतेक कारागीर पान दोन मापांवर तपासतात: एक खिशांतल्या फोनाचें व दुसरें टेबलावरच्या संगणकाचें. मधल्या मापाला वालीच नाहीं. शिवाय अनेक संकेतस्थळें येणाऱ्या यंत्राचें नांव विचारून त्यावरून पान देतात. 2019 पासून आयपॅडचा ब्राउझर सामान्यतः आपण मॅक संगणक आहोंत असें सांगतो. तें नांव खरें मानणारें संकेतस्थळ बोटापुढें माउसचें पान ठेवतें. नांवापेक्षां रुंदी पाहावी आणि बोट आहे कीं बाण आहे हें ओळखावें, याचीं साधनें उपलब्ध आहेत. त्यांस फार खर्चहि नाहीं.

यावर चालकांचें ठरलेलें उत्तर असें कीं, टॅबलेटवरून येणारे लोक मूठभर आहेत, त्यांच्यासाठीं कोण खपणार? आंकडे तसेच निघतात, यांत शंका नाहीं. पण ते कसे निघतात हें पाहण्याजोगें आहे. नवलाख उंबऱ्याच्या त्या मुलीचा पुरा झालेला अर्ज सेवाकेंद्राच्या संगणकावरून गेला. संकेतस्थळाच्या खात्यांत ती संगणकवाल्यांत जमा झाली. टॅबलेटच्या रकान्यांत उरली ती रात्रीची एक अर्धवट भेट. ज्यांना दारांतून परत फिरावें लागलें त्यांची शिरगणती आंत बसून होत नाहीं, आणि त्याच शिरगणतीवर दार रुंद करावें कीं नाहीं हें ठरविलें जातें.

संध्याकाळीं मुलगी घरीं येते. वीज आलेली नसते. त्याच टॅबलेटवर ती रसायनशास्त्राचा पाठ लावते, आणि तो कोठेंहि न अडतां शेवटपर्यंत चालतो. कारण तो बनविणाऱ्याला ही पाटी ठाऊक होती.